टाचेमागची तार

“डावा हात की उजवा?”

बादशाभाईंनी टाइपरायटरवरची बोटं उचलली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“काय फरक पडतो?” मी म्हणालो.

“पडतो की. भावानं ढकललं म्हणतोस. ढकलायला हात लागतो. पायानं ढकललं असंल तर लाथ मारली असं लिहावं लागंल.”

“दोन्ही हातांनी.”

“कुठं? खांद्यावर, पाठीत, का कमरेत?”

“बादशाभाई, ही कथा आहे. वारसनोंदीचा अर्ज नाही.”

“कथा तुझी. मशिन माझं.” असं म्हणून त्यांनी खटाखट बडवलं: दोन्ही हातांनी, पाठीवर, मानेखाली अदमासे चार बोटे.

मी वाचलं. चार बोटं मला आवडली होती.

*

ओळख. (बादशाभाई म्हणायचे, आधी इसम, मग त्याची तक्रार.)

इसम जालिंदर किसन नाळे. वय वर्षे पंचवीस. राहणार फलटणच्या बाहेर, कालव्यापलीकडच्या वस्तीवर. धंदा काही नाही. मानेखाली काही हलत नाही, अपवाद एक. डावा खांदा सुपारीएवढा वर जातो. मानेवर सगळं चालतं, आणि कुणी दया दाखवायला आलं की ओठाचा उजवा कोपरा वाकडा होतो. हे आजारानं होतं असं मी लोकांना सांगतो.

सोळाव्या वर्षी विहिरीत डोक्यावर पडलो. मान मोडली. जीव राहिला आणि तोंड राहिलं. तोंड राहिलं याचं घरच्यांना पुढे पुढे जरा वाईट वाटत असावं.

लेखक व्हायचं ठरवलं, कारण बाकीचे सगळे धंदे उभ्यानं करायचे असतात.

पण लेखकाला हात लागतो. वडिलांना अक्षर येत नव्हतं. आई दर वाक्याला रडायची, त्यात गाढवाचा उल्लेख असला तरी रडायची. राहिला दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ सदाशिव. तो फलटणात मोटारी वाइंडिंग करायच्या दुकानात कामाला होता. माझी पहिली कथा त्यानं लिहून घेतली ती दुकानाच्या बिलबुकात, आणि प्रत्येक वाक्यापुढे नग एक असं लिहून.

म्हणून दर गुरुवारी दादा मला तहसील कचेरीसमोरच्या करंजाच्या झाडाखाली आणून सोडायचा. तिथं बादशाभाई मुलाणी तीस वर्षं टेबल टाकून बसले होते. प्रतिज्ञापत्र, फेरफाराचा अर्ज, हक्कसोड, जबाब. बाजाराच्या दिवशी गर्दी, गुरुवारी माश्या. दादा त्यांच्या मशिनला तेलपाणी करून द्यायचा, त्या बदल्यात ते माझ्या कथा बडवायचे. माझी खुर्ची दादानंच सायकलच्या चाकांवर बसवून आणली होती. ब्रेक नव्हता. ब्रेक म्हणजे चाकामागे एक वीट. वीट लावायची, माझ्या पोटाचा पट्टा घट्ट करायचा, कपाळावरचा घाम पुसायचा आणि “येतो रं जालू” म्हणून कामाला जायचं. नऊ वर्षांत तो माझ्याशी यापेक्षा जास्त बोलला नव्हता. आणि वाकडं तर कधीच बोलला नव्हता.

*

बादशाभाईंसमोर वाङ्मय करणं सोपं नव्हतं.

मी सांगायचो, “चंद्र उगवला.” ते विचारायचे, “तिथी?” मी सांगायचो, “तिच्या डोळ्यांत सागर होता.” ते म्हणायचे, “कुणी पाहिला? साक्षीदाराचं नाव सांग.” एकदा मी एका उदास माळरानावर कथा सुरू केली, तर त्यांनी मला न विचारता माळाची चतुःसीमा टाकली. पूर्वेस बांध, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस सरकारी रस्ता. त्या माळावर माझी नायिका पुढं आत्महत्या करणार होती. एवढ्या पक्क्या हद्दीत तिला जागाच उरली नाही. ती घरी गेली.

शिवाय प्रत्येक परिच्छेदाला ते कलम घालायचे आणि प्रत्येक कलम ‘की’नं सुरू करायचे. मी भांडून थकलो. कलम घालू दिलं नाही तर त्यांची बोटं चालत नसत.

सगळ्यात शेवटी त्यांचा नियम. मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा, मग अंगठा. “न वाचता अंगठा घेणारा लेखनिक आन् न धुता सुरी चालवणारा खाटीक, दोघांची जागा एकच,” असं ते म्हणायचे. कथेखाली कुणी अंगठा करत नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. “मग वाचणाऱ्यानं विश्वास कशावर ठेवायचा?”

*

त्या गुरुवारची गोष्ट अशी की पोस्टकार्ड आलं होतं.

पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांना मी एक कथा पाठवली होती, सोबत माझी शारीरिक माहिती. (माहिती पाठवायची नव्हती. बादशाभाईंनी इसमाची ओळख म्हणून वर टाकली.) कथा नापसंत, माहिती पसंत. संपादकांनी लिहिलं होतं: “आपण स्वतःवर कोसळलेल्या प्रसंगाविषयीच का लिहीत नाही? जिद्द, श्रद्धा, क्षमा यांपैकी काही यावे. आपल्यासारख्यांच्या लेखनाने वाचकांना बळ मिळते. दहा तारखेपर्यंत पाठविल्यास खात्रीने छापू.”

खात्रीने छापू! सहा वर्षांत सतरा कथा परत आल्या होत्या. मी ते पोस्टकार्ड आईला उशीखाली ठेवायला लावलं होतं.

जिद्द मला जमली नसती. श्रद्धेचं आमच्याकडे आईच बघायची. राहिली क्षमा. आणि क्षमेसाठी माझ्याकडे तयार माल होता. भावानं मला विहिरीत ढकललं, हे आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी फक्त त्याला क्षमा करायची होती. आज सात तारीख. आज लिहून आज टपालात.

बादशाभाईंनी कागद, कार्बन, कागद असा थर लावला आणि आम्ही सुरू केलं.

कलम १. की मी दिनांक ९ मे १९८४ रोजी सकाळी अदमासे दहा वाजता आमच्या विहिरीच्या काठावर आकाशाकडे पाहत उभा होतो.

कलम २. की विहिरीच्या पूर्वेस उसाचा फड, पश्चिमेस गोठा, दक्षिणेस पाट, व उत्तरेस माझा सख्खा थोरला भाऊ सदाशिव.

कलम ३. की आदल्या दिवशी सायकलवरून आमचे भांडण झाले होते व त्यात मी त्याला चावलो होतो.

“चावलो काढा,” मी म्हणालो. “मी सोशिक आहे ह्या कथेत.”

“मगाशी तूच सांगितलंस.”

“मगाशी माझं लक्ष नव्हतं.”

चावलो गेलं. कलम चारमध्ये ढकलणं आलं, दोन्ही हात, चार बोटं. आणि मग कलम पाच.

कलम पाच माझं होतं. ते मी डोक्यात नऊ वर्षं जपून ठेवलं होतं. लोक ठेवणीतला कपडा ठेवतात तसं ते एक वाक्य माझ्याजवळ होतं. कुठल्याही कथेत मी ते वापरलं नव्हतं. डोळे मिटून मी ते सांगितलं, सावकाश.

कलम ५. की दोन पायांच्या माझ्या जन्मात मला शेवटचे जे दिसले, तो दादाच्या डाव्या पायातला प्लॅस्टिकचा सँडल. त्याचा मागचा पट्टा तुटलेला होता व दादाने तो जळक्या मोटारीतली तांब्याची तार काढून टाचेमागे पिळून बांधला होता. तारेचे एक टोक वर आले होते व उन्हात लाल झाले होते.

मशिन थांबलं. बादशाभाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला.

“वा,” ते म्हणाले.

सतरा कथांत हा पहिला वा. माझ्या डाव्या खांद्यानं सुपारीएवढी उडी मारली.

कलम सहा क्षमेचं. ते मी असं सांगितलं की करंजावरचा कावळासुद्धा गप्प झाला. भावाचं डोकं मी मनानं कुरवाळलं, देव आकाशातून बघत होता, वगैरे. बादशाभाईंनी चेहरा न बदलता सगळं बडवलं, कागद ओढून काढला, आणि एकदा स्वतःशी वाचायला घेतला. त्यांचं बोट ओळीओळीवरून चाललं होतं. पाचव्या कलमावर ते थांबलं. मग चौथ्यावर गेलं. परत पाचव्यावर आलं.

“जालिंदरराव,” ते म्हणाले. राव म्हणाले की काहीतरी चुकलेलं असायचं.

“काय?”

त्यांनी टेबलावरचा चहाचा रिकामा ग्लास पुढे सरकवला. “हा तू. विहिरीच्या काठावर, तोंड विहिरीकडं.” त्यामागे त्यांनी शाईची बाटली ठेवली. “हा सदाशिव. तुला ढकलतोय. कुठं उभाय?”

“मागं.”

“मग त्याचा पाय तुला कसा दिसला?”

“वळून बघितलं असेल.”

“असंल. वळून बघितलं तर समोरून काय दिसंल? बोटं. नडगी.” त्यांनी बाटली हळूच फिरवली. “तुला टाच दिसली. टाचेमागची तार दिसली, तारेचं टोक वर आलेलं दिसलं. माणसाची टाच कधी दिसती? तो आपल्याकडं पाठ करून असला की.”

त्यांनी बाटली उचलून पुढे ठेवली, काठावर. ग्लास मागे.

“असं असलं तर दिसती,” ते म्हणाले.

*

(इथे एक परिच्छेद होता. त्यात मी तीस वर्षांनंतर शहाणपणाचं काहीतरी बोललो होतो. गाळला आहे.)

*

“टाच काढा,” मी म्हणालो. “बोटं घाला.”

“घालतो.” त्यांनी खोडायचं रबर घेतलं. “तारही काढावी लागंल. ती मागं होती ना?”

“तार राहू द्या.”

“पुढं कशी राहील? पट्टा मागचा तुटलाय. दोन्हीतलं एक ठेव, जालू. ढकलणं, नाहीतर तार. तुझ्या कथेत ही दोघं शेजारी राहत न्हाईत.”

रबर कागदावर टेकलेलं होतं. ते म्हणाले, “कुणी विचारणार न्हाई. पुण्याच्या साहेबाला टाच आन् बोटं सारखीच. खात्रीने छापू म्हणालाय. बोल, काय खोडू?”

ढकलणं ठेवलं तर सगळं ठीक होतं. कथा छापून येणार. दादा दुपारी चारला येणार, वीट काढणार, घाम पुसणार. उद्या उचलणार, परवा उचलणार. फक्त एक तार जाणार होती. बोटभर.

मी त्या कागदाकडे बघत राहिलो. उन्हात लाल झाले होते, असं लिहिलं होतं त्यावर.

“चौथं खोडा,” मी म्हणालो. “आणि सहावं. पहिल्यातलं माझं काठावर उभं राहणंही. नवीन कागद घाला.”

कागद, कार्बन, कागद.

कलम ४. की भाऊ सदाशिव याने मला ढकलले नाही. तो विहिरीवर मोटार बंद करायला आला होता. सायकलच्या भांडणाचा राग मनात धरून त्याला पाण्यात पाडावे म्हणून मी मागून पळत आलो. विहिरीत दोन पुरुष खोल पाणी आहे अशी माझी समजूत होती. रात्रभर मोटार चालून पाणी गुडघ्यावर आले होते ते मला ठाऊक नव्हते. मी पोहोचलो त्याच वेळी सदाशिव सँडलच्या तारेला हात लावण्यासाठी खाली वाकला.

कलम पाच तसंच. एक अक्षर बदललं नाही.

कलम ६. की मी त्याच्या पाठीवरून पलीकडे गेलो.

“पुढं?” बादशाभाई म्हणाले.

“पुढं काय? चुलत्यानं लांबून बघितलं. दोघं काठावर दिसले, मग एकच दिसला. वडिलांनी दादाला गोठ्यात बांधून मारलं. माझ्या घशात नळी होती तेव्हा.”

“नळी कधी निघाली?”

“तीन आठवड्यांनी.”

“आन् मग?”

“मग मी डोळे उघडले तर दादा माझी घाण काढत होता. अशा वेळी कोण खरं बोलतं? म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर तो मला उचलून अंगणात न्यायला लागला. मग त्यानं खुर्ची केली.” मी थांबलो. “त्याची दोन स्थळं मोडली ह्यापायी. दुसऱ्या मुलीचा बाप म्हणाला, आमच्याही मळ्यात विहीर आहे.”

बादशाभाई हसले नाहीत. नेहमी मी हे सांगायचो तेव्हा लोक हसायचे.

“कलम सात,” ते म्हणाले. “की सदर हकीकत मी नऊ वर्षे कोणासही सांगितली नाही, कारण... कारण सांग.”

“कारण नको.”

“कारण लागतं.”

रस्त्यावरून ऊस नसलेली एक बैलगाडी गेली. ती पार कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी तिच्याकडे बघितलं.

“कारण तो मला फार चांगला उचलतो,” मी म्हणालो.

त्यांनी टाइप केलं. पूर्णविराम एवढ्या जोरात मारला की कागदाला भोक पडलं.

*

एवढ्यात लाईट गेली.

कचेरीतला पंखा थांबल्याचा आवाज आला, आणि मी रस्त्याकडे बघितलं, कारण लाईट गेली की वाइंडिंगचं दुकान बंद व्हायचं. पाचच मिनिटांत दादा रस्ता ओलांडताना दिसला. हातात फडकं, फडक्यात माझ्यासाठी दोन भजी.

“बादशाभाई, आज वाचू नका,” मी घाईनं म्हणालो. “अंगठा घ्या आणि पाकिटात घाला.”

“वाचल्याबिगर अंगठा न्हाई.”

“तो गेल्यावर वाचा.”

“जालू, ह्या कागदात त्याचं नाव सहा ठिकाणी आलंय. तो आता समोर आलाय. मी काय त्याला जा म्हणू?”

दादा आला. खुर्चीच्या पाठीवर त्यानं हात ठेवला, माझ्या कपाळावरून फडकं फिरवलं, एक भजं माझ्या तोंडात दिलं. म्हणजे माझं तोंडसुद्धा बंद झालं. आणि बादशाभाई उभे राहून वाचायला लागले. लिलाव पुकारताना असतो तसा त्यांचा एकसुरी आवाज. इसमाची ओळख. विहिरीची चतुःसीमा. कलम तीन, चार. माझ्या पाठीवर दादाच्या बोटांचा स्पर्श मला कळत नाही, पण खुर्चीच्या नळीवर त्याची पकड घट्ट होत गेली ते कळलं, कारण नळी करकरली. पाच. सहा. सात, कारण तो मला फार चांगला उचलतो.

भजं अजून तोंडातच होतं. ते गिळणं बरोबर दिसेल की नाही, हा विचार मी करत होतो.

बादशाभाईंनी कागद खाली ठेवला. “मजकूर बरोबर हाय का?” हे ते सवयीनं म्हणाले. नेहमी ते मला विचारायचे. त्या दिवशी बघत होते दादाकडे.

कावळा ओरडला.

“तार बावीस गेजची होती,” दादा त्यांना म्हणाला.

“काय?”

“नुसती तांब्याची तार न्हवं. बावीस गेज. आन् ती टोचत होती म्हणून मी वाकलो. त्यानं लिहिलंय, हात लावण्यासाठी. हात कशाला लावीन?”

बादशाभाईंनी कागद परत मशिनला चढवला, ओळ जुळवली, दुरुस्त्या घातल्या. “खाडाखोडीशेजारी सही लागती,” ते म्हणाले. दादानं दोन्ही ठिकाणी सही केली, स. कि. नाळे, बिलावर करतो तशी, खाली दोन टिंबं देऊन.

दर वेळी माझा अंगठा शाईच्या पॅडवर दादा टेकवायचा. त्या दिवशी त्यानं हात खिशात घातले. बादशाभाईंनी माझा अंगठा उचलला, शाईत दाबला, कागदावर दाबला.

“येतो,” दादा म्हणाला. मला नाही, झाडाला म्हणाला. आणि गेला. रस्ता ओलांडून, दुकानावरून, स्टँडाच्या पलीकडे. एकदाही वळला नाही, त्यामुळे मला त्याची टाच बराच वेळ दिसत होती. आता त्याच्या पायात चामड्याची चप्पल होती.

*

चार वाजले. पाच वाजले. कचेरीतले लोक डबे घेऊन घरी निघाले. माझ्याकडे बघून हसले, मीही ओठाचा कोपरा वाकडा केला.

बादशाभाईंनी मशिन पेटीत घातलं. पेटीवर बसले.

“तुम्ही जा,” मी म्हणालो.

“तुला हितं टाकून?”

“नऊ वर्षांत कुणी टाकलं नाही. बघू तरी कसं वाटतं.”

“कसं वाटतंय?”

“मुंग्या आल्यात नाकावर.”

त्यांनी मुंग्या झटकल्या. मग खिशातून दोन पाकिटं काढली. “पहिल्या मजकुराची कार्बन कॉपी हाय माझ्याकडं. सोशिक, क्षमा, देव, सगळं. दुसरा मजकूर हा. टपाल साडेपाचला उचलतात. कुठलं टाकू?” ते जरा थांबले. “पहिलं छापून येणार, हे नक्की. दुसरं फाडलं तरी चालंल. सदाशिवाला जे कळायचं ते कळलं. आता पुण्याला कळवायची काय गरज?”

हे बरोबर होतं. कबुली द्यायची होती ती देऊन झाली होती. बक्षीस घ्यायला आता कुणाची हरकत नव्हती.

“दुसरं,” मी म्हणालो.

“खरं हाय म्हणून?”

“नाही. पाचवं कलम चांगलं आहे म्हणून. पहिल्यात ते उलटं उभं राहतं.”

बादशाभाई माझ्याकडे बघत राहिले. “म्हणजे भावासाठी न्हाई, देवासाठी न्हाई. एका तारेपायी.”

“बावीस गेजच्या,” मी म्हणालो.

“लई हलकट हायेस,” ते म्हणाले, आणि जाऊन पाकीट लाल डब्यात टाकून आले. माझ्या लेखनाविषयी कुणी मनापासून बोललेलं ते पहिलं.

(कथा पुढे तीन आठवड्यांत साभार परत आली. शेरा: “नायकाविषयी सहानुभूती वाटत नाही. कलमे का घातली आहेत?” चार वर्षांनी ती दुसरीकडे छापून आली, कलमांसकट, दादाच्या सह्यांसकट. आता मी फोनला सांगतो आणि फोन लिहितो. चुका कमी करतो. पण डावा की उजवा, हे अजून त्यानं एकदाही विचारलेलं नाही.)

*

सहाच्या सुमाराला दादा आला. कुठं गेला होता, हे त्यानं आजतागायत सांगितलेलं नाही. त्यानं बादशाभाईंकडे बघून मान हलवली, वीट पायानं उडवली आणि खुर्ची वळवली. घाम पुसला नाही. पट्टा मात्र बघितला.

खड्डे नेहमी चुकवायचा, त्या दिवशी एकही चुकवला नाही. माझे दात वाजत होते. कालव्याच्या पुलाचा चढ आला, तिथं त्यानं खुर्ची एका दमात वर चढवली आणि पुलाच्या माथ्यावर थांबला. समोर उतार. उताराच्या तळाला बाभळ, आणि बाभळीच्या पुढे आमच्या वस्तीची वाट.

त्यानं चाकामागे नाही, चाकापुढे दगड लावला आणि माझ्या समोर येऊन उभा राहिला. नऊ वर्षांत तो माझ्या समोर फारसा उभा राहिला नव्हता. तो मागे असायचा. टक्कल पडायला लागलं होतं त्याला, हे मला तेव्हा कळलं.

“मी गोठ्यात जाऊन करून बघायचो,” तो म्हणाला. “वाकायचो आन् उठायचो. वाटायचं, उठताना माझा धक्का बसला असंल तुला. बाप म्हणतोय, गाव म्हणतंय, तूबी काय बोलत न्हाईस. म्हटलं, बसला असंल. किती बसला असंल, ते बघायला रोज वाकायचो आन् उठायचो. म्हशी बघायच्या माझ्याकडं.”

“दादा...”

“तू गप. नऊ वर्षं तूच बोलतोयस.”

त्यानं सुरुवात केली. भाड्या म्हणाला. हलकट म्हणाला. कुत्र्याचं शेपूट, मुडद्या, फुकट्या, अर्ध्या अंगाचा चोर असं काय काय म्हणाला. वर्षानुवर्षं साठवलेलं असल्यासारखं निघत होतं. पुलावरून जाणारी एक म्हातारी शेळ्या घेऊन थबकली, तर तो तिला म्हणाला, “भाऊ हाय माझा, जावा तुम्ही!” आणि परत सुरू झाला. सोळाव्या वर्षानंतर मला कुणी शिवी दिली नव्हती. आजाऱ्याला देत नाहीत. मी एकेक नीट ऐकून घेतली. अर्ध्या अंगाचा चोर ही तर मी लगेच बाजूला काढून ठेवली.

शेवटी त्याचा दम संपला. तो परत मागे गेला. त्याचा श्वास माझ्या डोक्यावर येत होता.

“शिक्षा भोगून झाली माझी,” तो म्हणाला. “गुन्हा तेवढा करायचा राहिलाय.”

आणि चाकापुढचा दगड निघाला.

मागून एक जबर दणका बसला आणि खुर्ची सुटली. माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो कुठल्याही कलमात बसणार नाही. खडी उडाली, चाकं किंचाळली, बाभळ मोठी होत गेली. सोळाव्या वर्षानंतर मी पहिल्यांदा पळत होतो. मागून चपला फटाफट वाजत येत होत्या. बाभळीच्या चार हात अलीकडे खुर्चीला हिसका बसला, ती गर्रकन फिरली आणि उभी राहिली. दादा नळीला लोंबकळत धुळीत बसला होता. त्याचा एक गुडघा फुटला होता, एक चप्पल वर उतारावर पडली होती, आणि तो हसत होता का रडत होता, हे त्याचं त्यालाही कळत नसावं.

मला धाप लागली होती. पट्टा पोटात रुतला असणार, ते मला कळलं नाही.

“दादा,” मी म्हणालो, “नीट सांग. डावा हात की उजवा?”

तो धुळीतून उठला. फुटक्या गुडघ्यावर थुंकी लावली. मग त्यानं फडकं काढलं आणि माझं कपाळ पुसलं, जरा जोरातच.

“पाय,” तो म्हणाला. “लाथ मारली असं लिही.”

लिहिलं.